दुसऱ्या टोकाकडून मोजताना

दार उघडलं ते भलत्याच माणसाने. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस, खांद्यावर टॉवेल, आणि चेहऱ्यावर आश्चर्य मात्र अजिबात नाही. मी आईचा चष्मा पुढे धरून उभी. "आईचा चष्मा," मी म्हणालेच, कारण पाच मजले तेवढंच वाक्य घोकत आले होते आणि ओठांपर्यंत आलेलं वाक्य समोरचा माणूस बदलला म्हणून पुन्हा घशात जात नाही. त्याने ब्रश गालात सरकवला. "मागच्या जिन्याने आलात ना? लिफ्ट बंद पडली की रोज एक तरी येतं. परवा तर एक बाई सरळ आत येऊन कोचावर बसल्या, आणि मलाच विचारतात, तुम्ही कोण?" तो फेस सांभाळत हसला. "तुम्हाला हवंय ते तिसरं दार, पण त्या टोकाकडून. हे तिसरं या टोकाकडून. त्यांच्याकडून मोजलं तर आम्ही सहावे." मी माफी मागितली. "माफी कसली? तुमचं मोजणं बरोबर होतं," तो म्हणाला. "मोजायला उभ्या भलतीकडे राहिलात, एवढंच." आणि त्याने दार लावून घेतलं.

मोजणं बरोबर होतं. मी चालू लागले. दोन दारं मागे पडली आणि मजल्याच्या बरोबर मध्यावर मी थांबले, म्हणजे पाय थांबले. समोर चार दारं, मागे चार दारं. समोरच्या टोकाला एक खिडकी, मागच्या टोकालाही. इकडे लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं, तिकडेही. ज्याने कोणी ही इमारत आखली त्याला या सारखेपणाचा अभिमान वाटला असणार, त्याने कागद लांब धरून डोळे बारीक करून पाहिलं असणार. कागद फिरवला तरी तोच नकाशा. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं वाटलं. पण पाय तर सपाट फरशीवर होते. मग एक आकडा आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. दोनशे सतरा.

दादाकडे वहिनीने दार उघडलं. "अहो ताई, घामाघूम झालात की! या, आत या." आई खिडकीशी बसली होती, उन्हाकडे तोंड करून. चष्मा हातात दिला तर लगेच डोळ्यांवर न लावता आधी पदराने पुसला. "काल दिवसभर चष्मा नव्हता," ती म्हणाली, "म्हणून सून फार देखणी वाटत होती." वहिनी आतून ओरडली, "ऐकताय ना ताई? आणि हे रोजचं आहे हं!" आईने चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं. "तुला काय झालं गं? रंग उडालाय तोंडाचा." काही नाही, मी म्हणाले. चहाचा कप हातात आला. मी तो धरला, काही वेळाने पाहिलं तर कपाचा कान डावीकडे होता, मी कप फिरवला, कान उजवीकडे आला. चहा तोच. पुन्हा फिरवला. "अगं पी ना, काय खेळतेस," आई म्हणाली.

काही नाही. हे दोन शब्द मी जितक्या वेळा म्हणते तितक्या वेळा जगात कोणी म्हणत नसेल. पगारच त्याचा मिळतो. तळहाताहून थोडी मोठी, पारदर्शक प्लास्टिकची एक प्लेट. तिच्यात तीनशे चौऱ्याऐंशी खळगे, मुगाचा दाणा मावेल एवढे. वरून खाली सोळा ओळी, ए पासून पी पर्यंत, आणि आडवे चोवीस रकाने. प्रत्येक खळग्यात डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी, एका आजारी पेशीपासून वाढवलेल्या, म्हणजे दोन दिवसांत मरणार हे ठरलेल्या. प्रत्येक खळग्यात वेगळ्या पदार्थाचा एक थेंब. थेंबसुद्धा नव्हे, थेंबाचा विचार. दोन दिवसांनी प्लेट मोजणीच्या यंत्रात घालायची. ज्या खळग्यातल्या पेशी जगल्या तो हिरवा उजळतो, बाकीचे काळे. ऐंशी हजार पदार्थ, दोनशे अठ्ठावीस प्लेट्स. कोणता पदार्थ का निवडला असं विचारायचं नसतं, सगळेच घालायचे असतात. शहाणपणापेक्षा चिकाटीवर भरवसा ठेवायचा. ए-दोन, काही नाही. ए-तीन, काही नाही. ए-चार, काही नाही. असं ऐंशी हजार वेळा. आणि मग दोनशे सतराव्या प्लेटवर, डी-सात. तो उजळला तेव्हा मी यंत्राची काच पुसली होती. डाग असेल म्हणून.

त्या दिवशी डॉक्टरबाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, खोलीतून धावत आल्या होत्या, एका पायात चप्पल. या बाई कधी धावत नाहीत. डी-सातमध्ये कोणता पदार्थ होता ते यादीत पाहिलं, पदार्थांच्या बाटल्या सांभाळणाऱ्या पावडरकाकांच्या कपाटातून त्याची बाटली काढली, ताज्या पेशींवर घातला. काही नाही. पुन्हा घातला. काही नाही. दहापट घातला. पेशी आनंदाने मेल्या. तिसऱ्या खेपेला आमचा आकडेवाला, जो एरवी कधी विनोद करत नाही, म्हणाला, "भूत आहे." तेव्हापासून डी-सातचं नाव भूत. भुताचं काय झालं, भूत दिसलं का, भुताला चहा पाजा. मीही हसले आहे. अकरा महिने हसले आहे. चहा थंड झाला आणि आई म्हणाली, "जा बाई, तुझं यंत्र वाट बघत असेल."

बसमध्ये बसायला जागा मिळाली ती उलट्या तोंडाची. रस्ता पाठीमागून येऊन समोर लांब होत गेला. मी मनाशी म्हटलं, नीट विचार कर. प्लेट उलटी, म्हणजे अर्धी फिरवून, घातली तर कळतंच. पहिल्या आणि शेवटच्या रकान्यात आम्ही ओळखीचे खळगे ठेवतो, ज्यांची उत्तरं आधीच माहीत असतात, काही हमखास जगणारे, काही हमखास मरणारे. प्लेट फिरली तर जगणाऱ्यांच्या जागी मेलेले दिसतील, यंत्र बोंब मारेल. पण मग (बस थांबली, एक बाई चढली, तिच्या पिशवीतून नळीसारखं गुंडाळलेलं कॅलेंडर डोकावत होतं, मी ते पाहत राहिले, आठवण येऊ नये म्हणून पाहत राहिले) पण मग ती आखणी माझीच. कडेचे खळगे लवकर सुकतात. वरच्या कडेचे जास्त, कारण तिकडून गरम हवा येते. म्हणून मी जगणारे आणि मरणारे दोन्हीकडे वाटले: पहिल्या रकान्यात वर जगणारे, खाली मरणारे, शेवटच्यात वर मरणारे, खाली जगणारे. म्हणजे कोणावर अन्याय नको. कागद लांब धरून डोळे बारीक करून मीच पाहिलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, वा, किती देखणी आखणी! आणि ती आखणी कशीही फिरवा, तीच राहते. वरच्या डाव्या कोपऱ्यातले जगणारे फिरून खालच्या उजव्या कोपऱ्यात जातात, आणि तिथे जगणारेच अपेक्षित असतात. यंत्र म्हणणार, सगळं ठीक. बरं, प्लेटवरची क्रमांकाची पट्टी? पट्टी वाचायला यंत्र कटकट करायचं म्हणून ती दोन्ही बाजूंना चिकटवायची, हेही माझंच डोकं. राहिला प्लेटचा कापलेला कोपरा. प्रत्येक प्लेटचा एक कोपरा किंचित छाटलेला असतो, बरोबर बाजू कळावी म्हणून. पण तो यंत्रासाठी नाहीच. तो माणसासाठी असतो.

आणि माणूस हाताने प्लेट घालत नाही. ते काम जावईबापूंचं. जावईबापू म्हणजे आमचा यांत्रिक हात. नाव पावडरकाकांनी ठेवलंय, कारण त्याला खोलीचं तापमान बरोबर लागतं, आवाज चालत नाही, सकाळी गोंजारल्याशिवाय उठत नाही, आणि रुसला की घर डोक्यावर. जावईबापूंच्या हातून प्लेट फिरत नाही. पण मधे आठवडाभर त्यांचा पट्टा तुटला होता आणि साठ प्लेट्स मी हाताने घातल्या होत्या. एकशे एकसष्ट ते दोनशे वीस. दोनशे सतरा त्यात. तर आता तो दिवस. त्या दिवसातून एका टोकाने सुरुवात करून जायचं, एकही खळगा न सोडता. उठले: काही नाही. दात घासले: काही नाही. बस: काही नाही, म्हणजे होतं काहीतरी, पण ते त्या दिवसाचं नव्हे. कोट चढवला. दुसरं बटण तुटलेलं. हातमोजे. दोनशे दहा घातली, मोजली, काढली. दोनशे अकरा. बारा. तेरा, यात एक बुडबुडा होता, सुईने फोडला. चौदा. पंधरा. सोळा. सतरा हातात. कोपरा डाव्या अंगठ्याखाली. अंगठ्याला तो कोपरा अजून आठवतोय, अंगठा खोटं बोलत नाही. आणि मग

फोन.

दादाचा. मी सतरा टेबलावर ठेवली. यंत्र आणि खिडकी यांच्या मधलं ते अरुंद टेबल. यंत्राकडे फोन लागत नाही, म्हणून टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेले. दादा म्हणाला, "साधी आहे." काय साधी? "गाठ गं. आईची. साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, विसरून जा." तीन आठवडे आम्ही कोणी एकमेकांशी त्या गाठीबद्दल बोललो नव्हतो, भाजीबद्दल बोलायचो, वहिनीच्या गुडघ्याबद्दल बोलायचो. मी "हं" म्हणाले. "हं काय? ऐकलंस का?" "ऐकलं." "रडतेस का?" "नाही रे, कामात आहे." आणि फोन ठेवला आणि खिडकीशी उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या, हवा भरली की त्या पोट फुगवायच्या, सुटली की सपाट. मी हसत होते. हे मला आता, उलट्या तोंडाने बसलेली असताना, स्पष्ट दिसतंय: मी एकटीच मोठ्याने हसत होते, आणि तशीच हसत, खिडकीच्या बाजूने, टेबलाच्या दुसऱ्या अंगाने, हात पुढे करून प्लेट उचलली. कोपरा उजव्या अंगठ्याखाली. आणि गुणगुणत आत घातली.

म्हणजे तसं. दुःखाने लक्ष उडालं असतं तर मला ते समजलं असतं. दुःखात आपण दोनदा तपासतो. मी तपासलं नाही कारण त्या पाच मिनिटांत जगात काहीही चुकू शकत नव्हतं. खिडकीशी हसणाऱ्या त्या बाईचा मला राग यायला हवा. आला. नाही, नाही आला. पुन्हा मोजते. आला, पण तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तो दुसरंच काहीतरी झाला. तिला हाक मारून म्हणावंसं वाटलं, बाई, हस, पण कोपरा बघ. बस वळली. डी ही चौथी ओळ. खालून मोजली तर चौथी ओळ म्हणजे वरून तेरावी, एम. सातवा रकाना उजवीकडून मोजला तर डावीकडून अठरावा. एम-अठरा. उजळला तो एम-अठरा होता. अकरा महिने आम्ही भलत्या दाराची घंटा वाजवतोय आणि दार उघडणाऱ्याला विचारतोय, तू जिवंत कसा नाहीस?

आम्ही नव्हे. पावडरकाका.

काका एकोणसाठ वर्षांचे. ऐंशी हजार बाटल्यांचं कपाट त्यांचं. कोणती किती थंडीत, कोणती अंधारात, कोणत्या बाटलीचं झाकण दोनदा फिरवायचं हे त्यांच्या बोटांना पाठ. भूत दुसऱ्यांदा दिसेना तेव्हा बैठकीत कोणीतरी म्हणालं (मीच म्हणाले का? आठवत नाही, हाही एक खळगा आहे, त्यात बघायला हवं) की कपाटात राहून पावडर खराब झाली असेल, बिघडून तिचं दुसरंच काहीतरी झालं असेल, आणि त्या बिघडलेल्या गोष्टीने पेशी वाचवल्या असतील. वाक्य शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी डी-सातचा पदार्थ स्वतः शुद्ध बनवला आणि नासवायला घेतला. अकरा महिने ते एक चांगली वस्तू नीट, पद्धतशीर, चिठ्ठ्या लावून नासवत आहेत. उन्हात एक आठवडा. उन्हात एक महिना. भट्टीत. पाण्यात. आम्लात. उघड्या झाकणाने. त्यांच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली आहे, फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत. प्रत्येक नासलेली बाटली माझ्याकडे येते, मी पेशींवर घालते, आणि त्यांना फोन करून सांगते, काका, काही नाही. "बरं," ते म्हणतात. "अजून नासवतो."

आज बारा वाजता डॉक्टरबाई हे काम बंद करणार होत्या. भूतही बंद, डोळ्यांचं कामही. शीतकपाटातली आमची फळी दुसऱ्या गटाला, पेशी उकळत्या पाण्यात. सगळ्यांना माहीत होतं, कोणी भांडणार नव्हतं. उतरायचा थांबा आला तेव्हा माझ्या डोक्यात एक दुसरं वाक्य तयार होतं, बिनचूक, गुळगुळीत. डॉक्टरबाई, जाता जाता दोनशे सतराव्या प्लेटमधले चार-पाच पदार्थ सहज तपासून बघू या का, मला जरा वाटतंय. एवढंच. त्या चार-पाचांत एम-अठरा. ते चालेल, सगळे टाळ्या वाजवतील, म्हणतील, बाईंचं नाक बघा! कोणालाही काही सांगावं लागणार नाही. काम वाचेल, मी वाचेन. काकांच्या बाटल्या खिडकीतून निघतील, आणि ते निवृत्त होतील असं समजून की एकदा, एका वर्षी, आपल्या कपाटात काहीतरी नासलं होतं.

आधी खात्री. पोचल्यावर कोट न चढवताच संगणकावर दोनशे सतराचे जुने आकडे उघडले. काकांच्या यादीत त्या प्लेटच्या बी-वीसपुढे त्यांच्या अक्षरात शेरा होता: पिवळी, स्वतःच चमकते, फसू नये. पेशी मेल्या तरी ती चमकणार. म्हणजे आकड्यांत बी-वीस उजळलेला हवा. बी-वीस: काही नाही. मग दुसऱ्या टोकाकडून मोजत आले, बोट पडद्यावर ठेवून, आणि बोट ओ-पाचवर थांबलं. उजेड. त्याच्यापुढे अकरा महिन्यांपूर्वीचा माझाच शेरा होता: बहुधा धूळ.

काका खिडकीशी होते, एक बाटली उन्हात धरून. "ये गं प्लेटबाई," त्यांनी मान न वळवता म्हटलं. "ही बघ. अशी रंगाने मधासारखी झाली की मला वाटतं, आता हिला काहीतरी कळलं असणार." मी दाराशीच उभी राहिले. गुळगुळीत वाक्य जिभेवर होतं. खिडकीतल्या बाटल्या मोजल्या, सवयीने: एकोणचाळीस. "काका," मी म्हणाले, "दोनशे सतरा मी उलटी घातली होती."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "कुठे उलटी घातली होती?"

"मोजणीच्या यंत्रात. त्या दिवशी. हाताने. डी-सात नव्हताच तो, एम-अठरा होता. बी-वीस बघितला मी आत्ता, तो ओ-पाचवर आहे. माझी चूक. आखणी माझी, पट्ट्या माझ्या, हात माझा. अकरा महिने तुम्ही..." काकांनी चष्मा काढला. त्यांच्या नाकावर दोन लाल खुणा होत्या. मी वाट पाहिली. ओरडतील, मग मी ओरडा खाईन, मग काहीतरी संपेल. त्यांनी चष्मा कोटाच्या कडेने पुसला. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, जणू उत्तर ऐकून कोणी जागं होईल, "म्हणजे माझी पावडर खराब नव्हती?"

"नव्हती काका."

"कधीच नव्हती?"

"कधीच नव्हती."

ते वळले, बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि हात धुऊ लागले. हात स्वच्छच होते. मनगटापर्यंत धुतले, कोपरापर्यंत धुतले. मग पाठमोरेच म्हणाले, "अगं माझी बायको रात्री मला विचारायची, तुम्ही झोपेत झाकणं का फिरवता?" आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मग हसणं थांबलं आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा तो आला, राग, पूर्ण, अकरा महिन्यांचा. "एकोणचाळीस बाटल्या, बाई! माझ्या नोकरीचं शेवटून दुसरं वर्ष! तुला एक कोपरा बघता आला नाही?" नाही आला, मी म्हणाले. "कशात होतं लक्ष?" मी सांगितलं. दादाचा फोन, साधी गाठ, चादरी. सांगताना कुठेही ते कारण म्हणून येऊ नये याची काळजी घेतली, तरी ते कारणासारखंच आलं. काकांनी ऐकून घेतलं. टॉवेलने एकेक बोट पुसलं. "आई कशी आहे आता?" त्यांनी चिडूनच विचारलं. बरी आहे, मी म्हणाले. सुनेला देखणी म्हणते. "मग तरी बरं," ते म्हणाले, आणि कपाटाची किल्ली उचलली.

बारा वाजता मी बैठकीत उभी राहिले आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं जात नाही. आकडेवाल्याने पेन खाली ठेवलं. "पण ओळखीचे खळगे..." तो म्हणाला आणि मग त्याच्या डोक्यात कागद फिरताना मला दिसला, त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "अरे देवा," तो म्हणाला, "काय देखणी चूक आहे!" डॉक्टरबाई त्याच्याकडे वळल्या. "देखणी म्हणू नका. याआधी एकदा देखणी म्हणाले होते मी, त्याचं हे झालं." मग माझ्याकडे. "हाताने किती घातल्या होत्या?" साठ. "साठच्या साठ पुन्हा तपासायच्या. तुम्ही, एकटीने, रोजचं काम सांभाळून. आणि आखणी आजच्या आज बदला, मला ती वाकडी हवी आहे. इतकी वाकडी की आंधळ्याला कळेल." हो, मी म्हणाले. त्यांच्यापुढे काम बंद करण्याचा कागद होता, त्यावर फक्त सही राहिली होती. "एम-अठराची बाटली तरी शिल्लक आहे का? अकरा महिने झालेत. टिकली असेल?"

पावडरकाकांनी कोटाच्या खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. छोटी, तपकिरी काचेची, झाकण दोनदा फिरवलेलं. "माझ्या कपाटात," ते म्हणाले, "काही खराब होत नाही." असं म्हणताना त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही, पण पाठ ताठ होती, आणि मला एकदम कळलं की त्या आधीच्या बैठकीपासून ही पाठ थोडी वाकलेलीच मी रोज पाहत होते आणि वय समजत होते. डॉक्टरबाईंनी कागद फाईलमध्ये परत ठेवला. फाडला नाही. "शनिवार दुपार," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत फळी आपली."

दोन दिवस पेशींना द्यावेच लागतात, त्यांना घाई समजत नाही. मी गुरुवारी एम-अठरा आठ ताकदींचा केला, सगळ्यात तीव्रपासून सगळ्यात फिक्यापर्यंत, प्रत्येक पायरीला तिसरा हिस्सा, दोन रांगांत. शुक्रवारी हाताने घातलेल्या साठांपैकी पहिल्या तीन तपासायला घेतल्या. त्या सरळ होत्या. मधेच आईला फोन केला, काही कारण नसताना. "काय गं, चष्मा परत हरवला का, असं विचारायला केलास?" ती म्हणाली. मी म्हटलं, नाही, सहजच. "सहज फोन करणारी मुलगी नाहीस तू," आई म्हणाली, आणि मग आम्ही वहिनीच्या गुडघ्याबद्दल बोललो. माझ्या मनात आशा होती का? मी तिला शोधलं. ती नव्हती, किंवा असं म्हणू की तिच्या जागी एक भूक होती, साधी, जेवणाच्या वेळेची. नव्वद टक्के वेळा उजळलेला खळगा दुसऱ्यांदा काळाच निघतो. दुसऱ्यांदा उजळला तर तिसऱ्यांदा. तिथून पुढे उंदीर, माणसं, वर्षं, आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक सगळे गळतात. हे मला ठाऊक आहे, माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. तरी शनिवारी सकाळी उठले आणि कोटाचं दुसरं बटण शिवलं, जे वर्षभर तुटलेलं होतं.

शनिवारी इमारतीत आम्ही तिघंच. डॉक्टरबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून वाचत होत्या, पान उलटल्याचा आवाज मात्र येत नव्हता. काका माझ्या स्टुलावर बसले, हातात हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण, त्यावर उभी आडवी रेघ मारलेली, पेन उघडं. "पडद्यावर बघू नका म्हणजे झालं," मी म्हणाले. "नाहीच बघत. तू वाच, मी मांडतो. माझा यंत्रांवर विश्वास नाही, आणि तुझ्यावर तर सध्या मुळीच नाही." मी प्लेट उचलली. काकांनी स्टुलावरून वाकून कोपरा पाहिला, मग उठून, माझ्या हाताला धरून, अंगठ्याखालून पाहिला. मग पुन्हा स्टुलावर बसले. प्लेट आत गेली. यंत्र घरघरलं. शंभरातल्या किती पेशी जगल्या ते आकडे मी पडद्यावर तळहाताने झाकले आणि खालच्या ओळीवरून एकेक बोट सरकवत गेले.

"ब्याण्णव," मी म्हणाले.

काकांनी ठिपका दिला.

"नव्वद. त्र्याऐंशी." ठिपका. ठिपका. "एकाहत्तर." पेन थोडं थांबलं. "अठ्ठेचाळीस. सत्तावीस. बारा. सात." पदार्थ जितका फिका तितक्या पेशी कमी जगलेल्या, पायरी पायरीने, कुठेही उडी नाही, कुठेही खड्डा नाही. धूळ अशी उतरत नाही. भूतही अशा पायऱ्या उतरत नाही. दुसरी रांग वाचली: एक्क्याण्णव, नव्वद, चौऱ्याऐंशी, सत्तर. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटला, म्हणून पुढचे आकडे जरा मोठ्याने वाचले. पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकली. काकांनी ठिपके जोडले नाहीत. खोक्याचं झाकण लांब धरलं, जवळ आणलं. नुसते ठिपकेच एखाद्या उतारासारखे, घसरगुंडीसारखे दिसत होते, मूल वरून सोडलं तर न अडखळता खाली येईल असे. डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता कोणीतरी टाळी वाजवेल, किंवा मी हसेन, तशीच, खिडकीशी हसले होते तशी.

काकांनी झाकण टेबलावर ठेवलं, पेनचं टोपण लावलं, आणि बाटली उजेडात धरून आत किती उरलंय ते पाहिलं.

"परत," ते म्हणाले.

मी हातमोजे बदलले आणि नवी प्लेट घेतली.